उणिवांचा रकाना

मी जिच्याबद्दल लिहिणार आहे ती कादंबरी आता कुठल्या दुकानात मिळत नाही. ‘कोरडं आवर्तन’ तिचं नाव. लिहिणारे मुजुमदार साहेब म्हणजे निवृत्त इंजिनियर, उभा जन्म धरणं आणि कालवे बघण्यात गेलेला. निवृत्तीनंतर त्यांनी पन्नास-साठ वर्षांनंतरच्या नाशिकची गोष्ट लिहिली. पृथ्वी तापलेली, पाऊस बेभरवशाचा झालेला, गोदावरीच्या पात्रात धुरळा उडतोय आणि माणसं पाण्याच्या चिठ्ठ्यांसाठी रांगा लावून उभी आहेत. आपल्या गावाबद्दल असं काही कुणी लिहू शकतं हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. त्या पुस्तकापायी माझी पहिली नोकरी गेली, आणि चार माणसांत उभं राहून बोलायला मी त्याच पुस्तकामुळे शिकले. म्हणून हे प्रकरण त्याचं.

आम्ही नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत राहत होतो. तेव्हा तिथे उड्डाणपूल नव्हता. मुंबईकडून आलेले ट्रक, पुण्याला निघालेल्या एस.ट्या, धुळ्याकडचे टेम्पो, सगळे एकाच चौकात येऊन एकमेकांवर हॉर्न वाजवत उभे राहायचे. वडील टायर रिमोल्डिंगच्या दुकानात कामाला होते आणि दुकानामागच्या पत्र्याच्या दोन खोल्या म्हणजे आमचं घर. भिंतीपलीकडे साच्यात टायर शिजायचा. होळी उलटली की ती भिंत हात लावू देत नसे, आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की मांडणीवरच्या झाकण्या आपोआप वाजायला लागायच्या. त्या आवाजावर आवाज चढवूनच बोलावं लागे. त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. मी अजूनही फोनवर बोलले की शेजारच्या बाईला सगळी हकिकत कळते.

आई-वडील दोघंही पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. घरची भातखाचरं आणि उतारावरची नागली. पीक घरात आलं की दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत कामाला उतरायचं, आणि पेरणीच्या आधी परत वर जायचं. मी तीन वर्षांची असताना एकदा उतरले ते परत चढले नाहीत. शहरात इतकी वर्षं काढून आईच्या स्टोव्हवर मात्र डोंगरच शिजत होता. नागलीची काळपट भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाचं घट्ट वरण. सातवीत असताना माझ्या डब्यातली भाकरी बघून एका मैत्रिणीनं विचारलं होतं, “करपली का गं?” मी हो म्हणाले. पुढे मला पुष्कळांनी पुष्कळ काही ऐकवलं, पण मी स्वतःच्या तोंडानं दिलेलं ते ‘हो’ मला जास्त लागतं.

बारावीनंतर मी बाहेरून बी.ए. करायला लागले आणि एका वाचनालयात मदतनीस म्हणून राहिले. पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची, पाठीवर नंबर चिकटवायचे, परत आलेल्या पुस्तकांतून लोकांची बसची तिकिटं आणि औषधांच्या चिठ्ठ्या काढून बाजूला ठेवायच्या, असं काम. ग्रंथपाल होत्या शैलाताई. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या, हळू बोलणाऱ्या. चांगल्या बाई होत्या, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे आलंय त्यात त्या तशा दिसणार नाहीत. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिथे ग्रंथचर्चा व्हायची. तिचा साचा शैलाताईंनी घालून दिलेला होता. फुलस्केप कागदावर मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘बलस्थाने’, उजवीकडे ‘उणिवा’. वक्त्याला कागद देताना त्या म्हणायच्या, “डावीकडे मोकळेपणानं लिहा. उजवीकडे आटोपशीर.” असे कितीतरी कागद मी चांगल्या अक्षरात उतरवून काढले होते. उजव्या रकान्यात बहुधा ‘मुद्रणदोष टाळता आले असते’ किंवा ‘मुखपृष्ठ अधिक आकर्षक हवे होते’ एवढंच असायचं. नाशिकमध्ये तेव्हा लिहिणारा आणि वाचणारा रोज भाजीबाजारात एकमेकांना भेटायचे. त्यामुळे उणिवा छपाईवाल्याच्या नावावर टाकणं सगळ्यांच्या सोयीचं होतं.

मुजुमदार साहेबांच्या कादंबरीवर चर्चा ठरली तेव्हा ते स्वतः वाचनालयात आले. उंच, पांढऱ्या सफारी सुटातले, स्कूटरवरून येणारे. शैलाताईंनी दोन प्राध्यापकांची नावं सुचवली. साहेब म्हणाले, “प्राध्यापक पुरे झाले. मला एक तरुण वाचक द्या.” मी टेबलाच्या टोकाला त्यांच्याच पुस्तकाला कव्हर घालत होते. त्यांची नजर माझ्यावर पडली.

“तू नुसती कव्हरं घालतेस की वाचतेसही?”

“वाचते.”

“मग तूच बोल. आणि खरं बोल. गोड बोलणारे माझ्याकडे घरचेच बरेच आहेत.”

शैलाताई हसल्या. चार दिवसांनी निमंत्रणपत्रिका छापून आली. तिच्यात दोन प्राध्यापकांच्या खाली ‘कु. यमुना महादू भोये’ असं माझं नाव होतं. वडिलांनी ती दुकानात पान्यांच्या फळीवर उभी करून ठेवली आणि टायर बदलायला आलेल्या ड्रायव्हरांना वाचायला लावली.

पुस्तक मी आईला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकायची हौस जबर. मी आणलेली कितीतरी पुस्तकं तिनं अशी ऐकून काढली होती. संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद झाला की मी उंबऱ्याशी बसून वाचायचे आणि ती आत भाकरी थापायची. कादंबरीची पहिली शंभर पानं मी आजही कुणासमोरही वाचून दाखवीन. दाराच्या कडीला हात लावण्याआधी हाताला फडकं गुंडाळणारी माणसं त्यात होती. दिवसभर तळघरात झोपून कलत्या उन्हात बाजाराला निघणारं शहर होतं. द्राक्षबागांचे वाळलेले मांडव सरपणाला विकणारे बागाईतदार होते. आणि धरणाचं ते प्रकरण. आवर्तन, म्हणजे कालव्याचं ठरलेलं पाणी, सुटणार म्हणून भोंगा वाजतो, अख्खं शहर काठावर जमतं, दारं वर उचलली जातात आणि आतून काहीच येत नाही. भेगा पडलेला गाळ तेवढा दिसतो. तरीही म्हातारा चौकीदार नियमाप्रमाणे शिट्टी वाजवून लोकांना मागे सरकायला सांगत राहतो.

आईचा हात पिठात थांबला. “हे खरं हाय,” ती म्हणाली. “हे त्यानं कुठंतरी बघितलेलं हाय.” त्या दिवशी भाकरी खरोखरच करपली.

तिसऱ्या भागात आमची माणसं आली. देवळाली कॅम्पच्या स्टेशनात लष्कराच्या पहाऱ्यात पाण्याची आगगाडी येते, आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून टोळ्या उतरून तिच्यावर तुटून पडतात. अंगाला राख फासलेल्या, धड न बोलता गुरगुरणाऱ्या, घोटभर पाण्यापायी पोटची पोरं विकणाऱ्या टोळ्या. त्यातल्या एकाला, फाटक्या कानाच्या माणसाला, नायक फलाटावर गोळी घालतो. दोन ओळींत तो मरतो. मी वाचत होते आणि माझा आवाज आपोआप खाली येत होता. आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

“त्याला नाव काय?” तिनं विचारलं.

“कुणाला?”

“मेला त्याला.”

मी पान मागे उलटून पाहिलं. “नाव नाही दिलेलं.”

“मंग त्याची आई त्याला काय म्हणून हाक मारत असंल?”

उत्तराची वाट न बघता ती पुढे वाच म्हणाली. शेवटी नायक डोंगराच्या पोटात दडलेलं पाणी शोधून काढतो आणि सुरुंग लावून ते मोकळं करतो. कड्यातून धबधबा कोसळतो, शहर वाचतं, कादंबरी संपते. मी पुस्तक मिटलं तेव्हा आई हात धुवत होती. “सुरुंग लावला तर पाणी फुटायचं नाय,” ती म्हणाली. “सुरुंगानं झिरा बसतो. पाणी खाली निघून जातं, पुन्हा गावत नाय.”

मग ती बोलत राहिली. माहेरच्या पाण्याबद्दल ती याआधी माझ्याशी एवढं कधी बोललीच नव्हती. पावसाळ्यात त्यांच्या पाड्यावर इतकं पाणी कोसळायचं की चार महिने कपडे वाळायचे नाहीत, आणि फाल्गुन लागला की तेच पाणी खालच्या धरणात जाऊन बसलेलं असायचं. वर ओढ्याच्या पात्रात झिऱ्याचा खड्डा खणायचा, त्यात उतरायचं, पाझरून येणारं पाणी करवंटीनं हंड्यात भरायचं. तळ ढवळला की सगळ्यांनाच थांबावं लागे, म्हणून करवंटी तिरकी धरून वरच्यावर पाणी उचलायचं. हंडा भरेपर्यंत मागच्या बाईनं बसून राहायचं. “मग करायचात काय एवढा वेळ?” मी विचारलं. “हसायचो,” आई म्हणाली. “एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करायचो.” वडिलांच्या आईनं तिला सून म्हणून पसंत केली तीही त्या झिऱ्यावर. हिच्या करवंटीतलं पाणी सांडत नाही, एवढंच बघून. मुजुमदार साहेबांच्या कादंबरीत तीनशे पानं माणसं तहानलेली होती आणि त्यात एकदाही कुणी हसलं नव्हतं. हे मला तोवर जाणवलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात बसून मी कागद लिहिला. डावा रकाना आधी लिहिला, आणि मनापासून लिहिला. उन्हाचं वर्णन, धरणाचं प्रकरण, चिठ्ठ्यांच्या रांगेत हळूहळू निर्ढावत जाणारी माणसं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे या लेखकाला खरोखर भीती वाटते आहे आणि ती तो लपवत नाही. मग उजवा रकाना सुरू केला. तो मागच्या पानावर गेला. ‘या कादंबरीत पाणी नेहमी भरलेल्या भांड्यात येते, ते भरणारी बाई कुठेच नाही,’ असं लिहिलं. सुरुंगाबद्दल लिहिलं. आणि खाली हे लिहिलं, ते मला अजून पाठ आहे : ‘पन्नास वर्षांनंतरचे भय म्हणून साहेबांनी जे लिहिले आहे त्यातले बरेचसे माझ्या आईने लग्नाआधी भोगलेले आहे. तिला त्यांनी कादंबरीत घेतले नाही. तिच्या भावांना घेतले, पण चोर म्हणून, आणि नावाशिवाय.’

शैलाताईंनी कागद उभ्या उभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला. “अक्षर छान आहे,” त्या म्हणाल्या. मग पेन्सिलीनं शेवटच्या परिच्छेदाभोवती चौकट काढली. “हा तेवढा काढ.”

“का?”

“चर्चा पुस्तकावर आहे, यमुना. तुझ्या घरावर नाही.”

“पुस्तक आमच्या घरात शिरलं, ताई. मी नाही शिरले पुस्तकात.”

त्यांनी कागद अध्यक्षांकडे नेला. अध्यक्ष म्हणजे धान्याचे मोठे व्यापारी, वाचनालयाचं नवं सभागृह त्यांच्याच देणगीतून झालेलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही. म्हणाले, “साहेब आपले पाहुणे. आणि तू इथे नोकरीला आहेस, हे विसरू नकोस.”

“मग मला बोलायला लावू नका,” मी म्हणाले. “माझं नाव पत्रिकेतून खोडा. पण बोलले तर हेच बोलेन.” पूर्ण वेळ मी खाली फरशीकडेच बघत होते. धीट मुलगी अशी माझी ख्याती पुढे झाली. त्या केबिनमध्ये मी धीट वगैरे काही नव्हते. मला फक्त तो परिच्छेद खोडता येत नव्हता. खोडला असता तर सातवीतला तो डबा मी पुन्हा एकदा झाकला असता, एवढंच मला कळत होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, शिवाय साहेबांनीच मला मागून घेतलं होतं. त्यामुळे नाव काही अध्यक्षांना खोडता आलं नाही.

वडिलांना हे जेवताना सांगितलं. ते बराच वेळ भाकरीचा एकच तुकडा चटणीत फिरवत बसले. “आपण खाली आलो,” ते म्हणाले, “तेव्हा कुणाला उलटून बोललो नाय. म्हणून टिकलो.”

“मी उलटून नाही बोलत, दादा. त्यांनीच विचारलंय.”

“इचारतात सगळे.” आणि ते हात धुवायला उठले. शनिवारी आईनं स्वतःची ठेवणीतली हिरवी साडी मला काढून दिली. चल म्हटलं तर म्हणाली, “मी कशाला? मीच सांगितलेलं मीच ऐकायला येऊ?”

सभागृह भरलं होतं. दोन प्राध्यापक बोलले. एकानं कादंबरीला ‘भविष्यवेधी’ म्हटलं, दुसऱ्यानं मुद्रणदोष दाखवले. माझी पाळी आली. डावा रकाना वाचला तेव्हा साहेब मान हलवत होते, धरणाच्या चौकीदारापाशी तर त्यांनी क्षणभर डोळे मिटले. उजवा सुरू झाला आणि खुर्च्या करकरायला लागल्या. पहिल्या रांगेतून कुणीतरी “वेळ झाली” म्हणालं. मी वाचत राहिले. आमच्या घरात कॉम्प्रेसरवर मात करून बोलायची सवय होती. शेवटचा परिच्छेद वाचताना दाराकडे लक्ष गेलं. वडील तिथे उभे होते. दुकानातून तसेच आलेले, हात कोपरापर्यंत काळे, म्हणून आत न येता चौकटीलाही हात न लावता उभे.

साहेबांनी उत्तर दिलं आणि ते चांगलं दिलं. म्हणाले, “कादंबरी म्हणजे जनगणना नव्हे, सगळ्यांना जागा देता येत नाही. आणि पाणी भरणारी बाई कुठेच नाही हे खरं नाही. चिठ्ठ्यांच्या रांगेत एक आहे, हंडा हरवलेली.” मी पुस्तक उघडून पाहिलं. होती. “माझी चूक,” मी माइकवर म्हणाले, “एक आहे.” लोक हसले. साहेब पुढे म्हणाले, “आणि त्या टोळ्या काल्पनिक आहेत. तू ते स्वतःवर ओढून घेऊ नकोस.”

“मग तालुक्यांची नावं खरी का घातलीत?” मी विचारलं.

कुणी हसलं नाही. सुरुंगाबद्दल साहेब बोलायला लागले, थांबले, चष्मा काढून पुसला आणि तो मुद्दा तसाच सोडून दिला. अध्यक्षांनी माइक ओढून घेतला आणि आभार मानून टाकले. चहाच्या वेळी माझ्या आजूबाजूला बरीच मोकळी जागा होती. बाहेर आल्यावर वडील सायकल धरून माझ्या बरोबरीनं चालू लागले. द्वारकेच्या चौकात आल्यावर म्हणाले, “आवाज आणखी वर ठेवायचा. मागं नीट ऐकू येत नव्हतं.”

सोमवारी शैलाताईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं की समितीनं सध्या मदतनीसाचं काम बंद ठेवायचं ठरवलं आहे.

“मदतनीसाचं की माझं?”

“यमुना, मी काय करू सांग.”

“लेखी द्या.”

लेखी मिळालं नाही. मी त्यांच्याच टेबलाच्या खणातून सभासदत्वाचा कोरा अर्ज काढला, तिथेच भरला आणि पुढे सरकवला. सभासद व्हायला मला कुणी अडवू शकत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज वाचनालय उघडताना जायचे आणि शैलाताईंच्या बरोबर समोरच्या खुर्चीत बी.ए.चा अभ्यास करत बसायचे. संतापानं बसायचे, हे कबूल करते. पहिले काही दिवस पानावरचं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. मी तिथे आहे हे त्यांना दिसत राहावं, एवढाच माझा अभ्यास. बायकांच्या शिवणाची कामं आणून आई माझ्या परीक्षेचा खर्च काढत होती. उन्हाळा आला तेव्हा एका दुपारी शैलाताई उठल्या, आपल्याकडचा टेबलफॅन उचलून माझ्या बाजूला वळवून ठेवला आणि परत जाग्यावर जाऊन बसल्या. मी वर पाहिलं नाही. आज पाहिलं असतं.

याच उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी पांढरी सफारी टायरच्या दुकानापाशी उभी राहिली. साहेबांनी वडिलांना विचारलं, “यमुना भोयेचं घर हेच का?” वडिलांनी त्यांना नवी सतरंजी घालून बसवलं. ते माझ्याशी न बोलता आईकडे वळले.

“सुरुंगानं झिरा बसतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे?” आई म्हणाली. “रस्त्याच्या कामाला लावले व्हते. पलीकडच्या पाड्याचा झिरा त्याच साली गेला. मंग त्या बाया आमच्या झिऱ्यावर यायला लागल्या. लय भांडणं झाली.”

साहेबांनी खिशातून डायरी काढली. दोन तास ते विचारत होते आणि आई सांगत होती. खड्डा किती खोल, पाणी कुठल्या बाजूनं येतं, करवंटी कशी धरायची, तळ निवळायला किती वेळ. आईनं रिकामा हात तिरका करून दाखवला तसा त्यांनीही करून पाहिला. जेवून जा म्हटलं तर थांबले, नागलीची भाकरी आणि चटणी खाल्ली, आणखी अर्धी मागून घेतली. निघताना आई म्हणाली, “त्या पोराला काहीतरी नाव ठेवा, साहेब.” कुठल्या पोराला हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. “बघतो,” ते म्हणाले.

स्कूटरपाशी ते मला म्हणाले, “सभेत सुरुंगाचं उत्तर मी दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं.”

“हे सभेत म्हणाला असतात तर बरं झालं असतं,” मी म्हणाले. माझी नोकरी गेल्याचं त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला कधीच कळलं नाही. मी सांगितलं नाही.

मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, वणीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. मी ती एस.टी.त बसूनच उघडली. शेवट बदललेला होता. आता नायक सुरुंग लावत नाही. तो डोंगरातल्या एका खड्ड्यात उतरतो आणि हातात करवंटी तिरकी धरून पाणी पाझरायची वाट बघतो. वीस पानांचं नवं प्रकरण होतं आणि ते सबंध कादंबरीत सरस उतरलं होतं. गढूळ तळ निवळताना बघणारी बाई त्यात होती, नवऱ्यांच्या नकला होत्या, हसणं होतं. माझा स्टॉप मागे गेला. प्रस्तावनेत साहेबांनी पुष्कळांचे आभार मानले होते. अभियंते मित्र, मुद्रक, चित्रकार, वाचनालयाचे अध्यक्ष. आईचं नाव नव्हतं. देवळालीच्या फलाटावर फाटक्या कानाचा माणूस पुन्हा नावाशिवाय मेला होता. संध्याकाळी मी ते नवं प्रकरण आईला वाचून दाखवलं. “चांगलं लिहिलंय,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, “आपल्याच तोंडचं हाय.” मी साहेबांना पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

ते गेले त्या साली वाचनालयानं श्रद्धांजली सभा ठेवली. शैलाताई निवृत्त झाल्या होत्या, अध्यक्षही बदलले होते. नव्या सचिवांचा मला फोन आला. साहेबांच्या जुन्या डायरीत माझं नाव सापडलं होतं म्हणे. “मॅडम, दहा मिनिटं बोला,” ते म्हणाले. “फक्त चांगलं बोला. गेलेला माणूस.”

“येते,” मी म्हणाले. दुसऱ्या अटीला मी होकार दिला नाही.

या वेळी आई आली. वडील त्याआधीच गेले होते. गुडघे धरून धरून ती पायऱ्या चढली आणि मधल्या रांगेत बसली. मी फुलस्केप कागद नेला होता, मधोमध रेघ मारलेला. पण या वेळी उजवा रकाना आधी वाचला. तो छोटा होता. मी म्हणाले, साहेबांनी दोन आवृत्त्यांत मिळून आमच्या एकाही माणसाला नाव दिलं नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर आणि पत्रातूनही सांगितलं होतं, म्हणून आज माघारी सांगायला मला संकोच वाटत नाही. सचिवांनी घड्याळ पाहिलं. मग मी डावा रकाना घेतला, आणि त्याला मला दहापेक्षा कितीतरी जास्त मिनिटं लागली. धरणाचं प्रकरण वाचलं. चौकीदाराच्या शिट्टीपाशी आल्यावर तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला, कारण असं लिहू शकणारा दुसरा माणूस आमच्या गावात नव्हता, आणि तो आता गेला होता. शेवटी झिऱ्याचं प्रकरण उघडलं. दोन पानं वाचली. सभागृहात हलकं हसू पसरलं, नकला आल्या होत्या.

“हे या कादंबरीचं सगळ्यात मोठं बलस्थान,” मी म्हणाले. “साहेबांनी हे एका बाईकडून ऐकून लिहिलं. प्रस्तावनेत तिचं नाव राहून गेलंय, म्हणून मी सांगते. भागीबाई महादू भोये. त्या इथे बसल्या आहेत.”

लोक वळून बघायला लागले. सचिव माइककडे हात करत माझ्याजवळ येऊन उभे राहिले होते. आईला आधी कळलं नाही. शेजारच्या बाईनं कोपर लावल्यावर ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली, पदर नीट केला, आणि खाली बसायची काही घाई केली नाही. ती बसेपर्यंत मी माइक सोडला नाही.